आग लागण्याआधीची तपासणी: सक्तीचा आदेश हातात आला की विमानावर काय करायचे

विमानाच्या एखाद्या प्रकारात आगीचा धोका असलेला दोष सापडला की नियामक संस्था एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे उड्डाणयोग्यतेचा सक्तीचा आदेश, काढते. हँगरमध्ये त्याला नुसते ‘एडी’ म्हणतात. उत्पादकाचे सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे तपासणी-दुरुस्तीचे सूचनापत्र, ही एरवी शिफारस असते. एडीने त्याच बुलेटिनचा हवाला दिला की तीच शिफारस सक्तीची होते. मुदत उलटली की विमान जमिनीवर. काही वेगळ्या पद्धतीने करायचे असेल तर नियामकाची लेखी मान्यता आधी हवी, काम उरकल्यावर नव्हे.

आधी कागद नीट वाचा

पहिला प्रश्न: हा आदेश आपल्या विमानाला लागू आहे का? विमानाचा अनुक्रमांक जुळवणे सोपे असते. फसगत होते ती सुट्या भागांच्या क्रमांकात. गेल्या वर्षी ‘लागू नाही’ म्हणून नोंद झालेल्या विमानावर मधल्या काळात स्टोअरमधून नेमका आदेशातला पंप बसलेला असतो. म्हणून भागाच्या क्रमांकावर आधारलेली एडी असेल तर नोंदवहीवर भिस्त ठेवू नका. विमानावर जाऊन पंपाची पाटी वाचा, आणि स्टोअरमधले सुटे पंपही त्याच फेरीत बाजूला काढा.

दुसरा प्रश्न मुदतीचा. उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या आणि कॅलेंडरचे दिवस या तिन्हींपैकी ‘जे आधी येईल ते’ असे बहुधा लिहिलेले असते. मोजणी आदेश लागू झाल्यापासून करायची की मागच्या तपासणीपासून, हेही पाहा. शिवाय ही मुदत मध्येच बदलू शकते. मे १९९८ मध्ये जुन्या बोइंग ७३७ विमानांच्या टाकीतील तारा तपासायचा तातडीचा आदेश निघाला, तेव्हा ५०,००० तासांपुढची विमाने लगेच थांबवली गेली. तपासणीत घासलेल्या तारा निघू लागल्या आणि काही दिवसांतच मर्यादा ३०,००० तासांवर आली. तातडीची एडी हातात असेल तर नियामकाची नवी सूचना आली आहे का, हे रोज सकाळी बघितलेच पाहिजे.

तिसरा प्रश्न: कोणत्या दर्जाची तपासणी मागितली आहे? सर्वसाधारण नजर-तपासणीत हाताच्या अंतरावरून, पुरेशा उजेडात, दिसेल ते पाहायचे असते. तपशीलवार तपासणीत तोच भाग आरसा, भिंग आणि तिरपा प्रकाश घेऊन इंचाइंचाने बघायचा, गरज पडली तर पुसून. दुसरी मागितली असताना पहिली करून सही करणे हे आळसातून कमी आणि घाईतून जास्त घडते.

आधी पाहा, मग पुसा

पॅनेल उघडल्यावर फडके हातात घ्यायचा मोह होतो. थांबा. तेलाचा ओघळ, काजळीचा पट्टा, विमानाच्या भिंतीतल्या उष्णतारोधक इन्सुलेशनच्या गादीवरचा ओला डाग हे सगळे मूळ दोषाकडे बोट दाखवत असतात. फोटो काढा, ओघळ वर कुठून येतो ते शोधा, मगच स्वच्छता. धूळ, कापडाचे तंतू, कागदाचे कपटे हे तारांच्या जुडग्यावर साचले की ठिणगीला आयते जळण मिळते, म्हणून ते काढायलाच हवेत. पण कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नका. तो कचरा कनेक्टरच्या आत आणि पुढच्या कप्प्यात जातो. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा.

तारा

२ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरच्या एमडी-११ विमानात कॉकपिटच्या छतामागे आग लागली. पहिला वास आल्यापासून नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळेपर्यंत सुमारे २१ मिनिटे गेली. विमानातले सर्व २२९ जण दगावले. प्रवाशांच्या मनोरंजन यंत्रणेच्या एका तारेवर ठिणगी उडाल्याच्या खुणा सापडल्या, आणि आग पसरवली ती इन्सुलेशनच्या गाद्यांवरच्या धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाने. पुढे २००० मध्ये तशी आवरणे बदलायचे आदेश अमेरिकेत निघाले. ठिणगी आणि जळण या दोन्हींचा शोध एकाच फेरीत घ्यायचा, तो यासाठी.

तारेवर ठिणगी उडत असताना सर्किट ब्रेकर पडेलच असे नाही. साधा ब्रेकर उष्णतेवर चालतो. ठराविक वेळ जादा करंट वाहिला तरच तो सुटतो. थांबून थांबून होणारी ठिणगी त्याच्या ध्यानातच येत नाही. म्हणून नजर हवी, आणि ती नेमकी इथे:

- क्लॅम्प, म्हणजे जुडगे धरून ठेवणारी पकड. जुडगे क्लॅम्पच्या आत सरकते का, ते बोटाने बघा. क्लॅम्पच्या रबराची गादी फाटली असेल तर धातूची कड थेट तारेच्या इन्सुलेशनवर बसते. वरून छान दिसणारे जुडगे खालून खाल्लेले असते. आरसा खाली घाला.
- आधार. दोन क्लॅम्पमधले अंतर साधारणपणे २४ इंचांपेक्षा जास्त नको, आणि हाताने सहज दाबल्यावर झोळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको.
- वळण. जुडग्यातल्या सर्वांत जाड तारेच्या व्यासाच्या दहापट त्रिज्या. टर्मिनलपाशी नीट आधार असेल तर तिप्पट चालते.
- इंधन, हायड्रॉलिक आणि ऑक्सिजनच्या नळ्या. सहा इंच अंतर राखता आले तर उत्तम. तार नळीच्या वरून जावी. खालून गेली की नळीचा एकेक थेंब तारेवर पडतो.
- कनेक्टरच्या आधीचे वळण. तार खाली उतरून मग वर कनेक्टरमध्ये जावी, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते. शौचालय आणि गॅली (विमानातले स्वयंपाकघर) यांच्या खालच्या भागात हे आवर्जून पाहा.
- रंग. टर्मिनलपाशी इन्सुलेशन तपकिरी किंवा ठिसूळ झाले असेल तर ढिल्या जोडणीमुळे तिथे उष्णता होते आहे. नुसती तार बदलून भागत नाही, नटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, तपासा.

वरील आकडे सर्वसाधारण पद्धतीचे आहेत. त्या विमानाच्या वायरिंग मॅन्युअलमध्ये वेगळे लिहिले असेल तर मॅन्युअल प्रमाण.

एक इशारा. जुने जुडगे उगाच वाकवून, उचकटून पाहू नका. वीस वर्षे एका आकारात राहिलेले इन्सुलेशन वाकवल्यावर तडकते, आणि दोष नव्हता तिथे तयार होतो. तसेच जवळपास ड्रिल चालवायचे असेल तर आधी तारा झाका. ड्रिलचा गोलगोल किस जुडग्यात अडकतो आणि कंपनाने महिनोन्महिने इन्सुलेशन कापत राहतो.

इंधनाची टाकी

१७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूएचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघाल्यावर मधल्या टाकीच्या स्फोटाने फुटले, २३० मृत्यू. टाकीत इंधन थोडे होते, वाफ भरपूर. ठिणगी नक्की कुठून आली हे सिद्ध झाले नाही. टाकीबाहेर शॉर्टसर्किट होऊन इंधन मोजणाऱ्या तारांतून जादा व्होल्टेज आत शिरले, ही शक्यता तपास यंत्रणेने सर्वांत जास्त धरली. अशा वाफेला पेटायला अत्यल्प ऊर्जा पुरते, म्हणून टाकीत जाणाऱ्या विद्युत ऊर्जेची मर्यादा २०० मायक्रोज्यूलच्या आसपास धरली जाते. टाकीबाहेरच्या तारांचे विलगीकरण एवढे काटेकोर का, याचे उत्तर या आकड्यात आहे: मापनाच्या तारा वीजपुरवठ्याच्या जुडग्यात मिसळून बांधणे हा टापटिपीचा प्रश्न नाही.

टाकीत उतरण्याआधी वाफेचे आणि ऑक्सिजनचे प्रमाण मीटरने मोजा. नव्या विमानांत टाकीत नायट्रोजनयुक्त हवा सोडून ऑक्सिजन १२ टक्क्यांच्या खाली ठेवतात. त्यामुळे आग लागत नाही, पण माणूस तिथे नकळत बेशुद्ध पडू शकतो. हवा खेळती ठेवा, बाहेर एक माणूस कायम उभा ठेवा आणि ठिणगीरोधक विजेरीच वापरा.

पंपाच्या तारा टाकीतून ॲल्युमिनियमच्या नळीतून जातात. १९९८ च्या आदेशाचा विषय हाच होता. कंपनाने तार नळीच्या आत घासते, इन्सुलेशन जाते, ठिणगी नळीला बारीक छिद्र पाडते. त्यामुळे तार ओढून काढण्याआधी नळीत इंधन आहे का ते बघा. एक थेंब निघाला तरी छिद्र आहे असे समजून चाला. तार काढल्यावर तिची पूर्ण लांबी बोटांमधून फिरवा आणि उजेडात पाहा. परत घालताना आदेशात सांगितलेली टेफ्लॉनची बाही घालायला विसरू नका.

बाँडिंगच्या, म्हणजे धातूचे भाग एकमेकांना विजेने जोडणाऱ्या, पट्ट्यांचा रोध मिलिओहम मीटरने मोजावा. साध्या मल्टिमीटरला हे काम जमत नाही. सर्वसाधारण जोडणीसाठी ३ मिलिओहम ही नेहमीची वरची हद्द, टाकीतल्या जोडण्यांना मॅन्युअलमधली. वाचन जास्त आले की बहुतेक वेळा कारण एकच: पट्टीच्या बुडाखाली रंग किंवा गंज. चकाकता धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, मोजा, मग सीलंट. सीलंट आधी लावून मग मोजणाऱ्यांना सगळे उचकटावे लागते.

दुरुस्तीनेच लावलेली आग

२० ऑगस्ट २००७ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० ओकिनावातील नाहा विमानतळावर उतरले, जागेवर थांबले आणि पेटले. १६५ जण वाचले, विमान जळाले. स्लॅट म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवरचा सरकता भाग. उजव्या पंखातल्या एका स्लॅटच्या रुळाच्या टोकाशी डाउनस्टॉप नावाची जोडणी असते: बोल्ट, बाही, वॉशर, नट. नट ढिला पडतो म्हणून उत्पादकाने पत्र काढले होते आणि अपघाताच्या सुमारे दीड महिना आधी त्यानुसार कामही झाले होते. त्या कामात वॉशर निसटला असावा, असा जपानी तपासाचा निष्कर्ष आहे. नट रुळाच्या भोकापेक्षा लहान. वॉशर नाही म्हटल्यावर अख्खा बोल्ट भोकातून सरकून, रूळ ज्यात आत सरकतो त्या टाकीतल्या डब्यात पडला, आणि उतरल्यावर स्लॅट आत घेताना रुळाने तो डब्याच्या भिंतीतून टाकीत रुतवला. गळालेले इंधन गरम इंजिनाशी पोहोचले.

अमेरिकेत आधी २४ दिवसांत तपासणीचा आदेश निघाला. पहिले निकाल हाती येताच मुदत १० दिवसांवर आली.

अशी जोडणी तपासताना स्लॅट पूर्ण बाहेर काढून हायड्रॉलिक बंद करा, लॉक लावा, पाटी अडकवा. प्रत्येक डाउनस्टॉपवर बोरस्कोपने (अरुंद जागेत घालायच्या दुर्बिणीने) एकेक भाग नाव घेऊन मोजा: बाही आहे, वॉशर आहे, नट आहे. मग डब्याच्या तळाशी सुटे काही पडले आहे का आणि भिंतीवर ओरखडा किंवा पोचा आहे का ते पाहा. नटला दिलेला टॉर्क लावा. हात पुरत नाही अशा जागी नट उघडावाच लागला तर आधी खाली कापड किंवा जाळी धरा, आणि काढलेला प्रत्येक भाग ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. ट्रेमध्ये काही उरले किंवा काही कमी पडले तर स्लॅट हलवायचा नाही.

शौचालय, मालकप्पा, टायर

१९७३ मध्ये पॅरिसच्या ओर्लीजवळ वारिगच्या बोइंग ७०७ मध्ये मागच्या शौचालयात आग लागली आणि १२३ जण गेले. त्यानंतरच्या १९७४ च्या अमेरिकी एडीनुसार कचरापेटीची झाकणे आणि दारे दर १,००० तासांनी तपासतात. झाकण अर्धे उघडून सोडा, पूर्ण उघडून सोडा. दोन्ही वेळा आपोआप घट्ट मिटले पाहिजे. स्प्रिंग मंदावली असेल तर आग पेटीत कोंडली जात नाही. धूम्रपानबंदी असूनही दाराजवळ रक्षापात्र लागते, तेही याच आदेशामुळे; ते गायब असेल तर दोष म्हणून नोंदवा.

मालकप्प्याच्या लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराला, भोक असेल तर आग विझवणारा हॅलॉन वायू गळून जातो आणि आग दबून राहत नाही. सामानाच्या कोपऱ्यांनी पडलेल्या फटी मान्य टेपनेच बंद करा. घरगुती चिकटपट्टी आगीत पहिली जाते.

ब्रेक असलेल्या चाकांच्या टायरमध्ये कोरडा नायट्रोजन भरा. ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. १९८६ मध्ये मेक्सिकानाचे बोइंग ७२७ साध्या हवेने भरलेला टायर तापून फुटल्याने कोसळले, १६७ जण गेले. लाइनवर, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या थांब्यावर, घाईत हवा भरलीच तर तशी नोंद करा, म्हणजे पुढच्या थांब्यावर तो टायर नायट्रोजनने पुन्हा भरता येईल.

बंद करताना

हत्यारे मोजा. उघडलेल्या प्रत्येक यंत्रणेची चाचणी घ्या. अग्निशामक बाटल्यांचे कनेक्टर काढले असतील तर प्रत्येक स्क्विबची, म्हणजे बाटली फोडणाऱ्या विद्युत स्फोटक गोळीची, वेगळी चाचणी करा, कारण शेजारचे दोन कनेक्टर अदलाबदल होऊनही दिवे हिरवे दिसू शकतात. नोंदीत ‘एडी पूर्ण’ एवढेच लिहू नका: आदेशाचा आणि त्याच्या सुधारणेचा क्रमांक, कोणता परिच्छेद केला, काय सापडले, विमानाचे एकूण तास आणि उड्डाणे, आणि पुनरावृत्तीची असेल तर पुढची तपासणी किती तासांवर.