परसातली जाई: कलम, खड्डा आणि छाटणी

गोव्यात मार्दोळला महालसेच्या देवळात जायांची पूजा होते ती ऐन पावसाळ्यात, कारण जाईला तेव्हाच भरून बहर येतो. पाणी मिळत राहिले तर हा वेल बारा महिने हिरवा राहतो. पण हिरवा वेल आणि फुलणारा वेल यांत फरक आहे. जाईची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. जुने लाकूड राखत गेलात, तर मांडव पानांनीच भरेल.

रोप करायला दाब कलम सर्वांत भरवशाचे. जूनमध्ये गेल्या वर्षीची लवचीक फांदी वाकवा. पेराखाली दोन-तीन सेंमी तिरका काप द्या, त्यात काडी अडकवा आणि तो भाग ५ ते ७ सेंमी मातीत दाबून वर चिऱ्याचा तुकडा ठेवा. शेंडा मात्र उघडा हवा. अडीच-तीन महिन्यांत मुळे धरतात. फांदी एकदम तोडू नका: आधी अर्धी कापा, पंधरवड्याने पूर्ण.

छाट कलमासाठी १५ ते २० सेंमीची, तीन-चार पेरांची अर्धपक्व काडी घ्या. खालचा काप पेराला लागून द्या, वर दोनच पाने ठेवा. निम्मी वाळू, निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून पिशव्या पागोळ्यांपासून दूर, सावलीत ठेवा. काड्या कुजतात त्या बहुधा जास्त पाण्याने. मुळे आली का, हे बघायला काडी उपटू नका.

आपल्याकडे खरी अडचण खड्ड्याची. जांभ्या दगडात खणलेल्या ४५ सेंमीच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडतात, आणि आपण खत कमी पडले समजून आणखी खत घालतो. म्हणून तळाला चिऱ्याची खडी घाला. वर माती, १० किलो कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून भरा. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच लावा. फणसाच्या सावलीत नको; निदान पाच तास ऊन हवे.

डिसेंबरअखेर पाणी तोडून जानेवारीत छाटणी करा. झुडूप ठेवायचे असेल तर गुडघ्याएवढे राखा. मांडवावर तीन-चार मुख्य वेल ठेवून बाजूच्या फांद्या दोन-तीन पेरांवर छाटा. हात आखडता घेऊ नका. नंतर ५ किलो शेणखत देऊन पाणी सुरू करा. युरिया टाळा, त्याने पानेच माजतात.

कळ्यांना भोके दिसली तर आत अळी असते. त्या कळ्या खुडून नष्ट करा आणि लिटरला ५ मिली कडुनिंबाचे तेल थोड्या साबणात मिसळून संध्याकाळी फवारा.