लोकलहोस्ट चालत नाहीये? झॅम्प आणि टॉमकॅट टाकताना या चुका टाळा

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरचे प्रोजेक्ट सुरू झाले की जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर कुठूनही पोरांचा मेसेज तोच असतो, भाऊ झॅम्प चालत नाहीये, काढून परत टाकलं तरी तेच. झॅम्प म्हणजे अपाचे हा वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस एकत्र देणारं सॉफ्टवेअर, आणि लोकलहोस्ट म्हणजे आपलाच कॉम्प्युटर. तर आधी हेच सांगतो, काढून परत टाकणं बंद करा. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बिघडलेलंच नसतं, आणि जे काय अडलंय ते समोर लिहिलेलं असतं. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलच्या खालच्या बॉक्समधे लाल अक्षरात येतं ते वाचा, मग अपाचे किंवा मायएसक्यूएल, जे अडलंय त्याच्या ओळीतलं लॉग्ज बटण दाबून एरर लॉग उघडा आणि शेवटच्या दहा-वीस ओळी बघा. इंग्रजी कच्चं असलं तरी पोर्टचा (प्रोग्राम ज्यावर ऐकतो तो नंबरवाला दरवाजा) नंबर आणि फाईलचं नाव कळतंच ना, तेवढ्यावर निम्मं काम होतं.

अपाचे क्षणभर हिरवं होऊन लगेच बंद पडत असेल तर पहिला संशय पोर्ट ८० वर घ्यायचा. खालच्या बॉक्समधे पोर्ट ८० कोणीतरी वापरतंय आणि पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४ असं दिसलं तर तो व्हायरस वगैरे नाही, ती विंडोजची स्वतःची सिस्टिम प्रोसेस आहे आणि तिच्यामागे बऱ्याचदा आयआयएस हा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर असतो, जो कधीतरी डॉटनेटच्या प्रॅक्टिकलसाठी चालू केलेला असतो आणि नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. सर्व्हिसेसमधे जाऊन वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस थांबवा, किंवा कॉन्फिग बटणातून अपाचेची मुख्य कॉन्फ फाईल उघडून लिसन ८० च्या जागी लिसन ८०८१ करा, खाली सर्व्हरनेममधे पण तोच नंबर टाका. आणि मग ब्राउझरमधे लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८१ लिहायचं, हे विसरून पोरं परत तिथेच अडकतात. अडचण पोर्ट ४४३ ची (एचटीटीपीएसचा पोर्ट) असेल तर ती लाईन एसएसएलच्या वेगळ्या कॉन्फ फाईलमधे असते, मुख्य फाईलमधे शोधत बसू नका.

८०८० न म्हणता मी ८०८१ का म्हटलं, तर ८०८० हा टॉमकॅटचा, म्हणजे जावाच्या वेब सर्व्हरचा, नेहमीचा पोर्ट आहे, जावा करणाऱ्यांना तो लागणार. शिवाय ओरॅकल डेटाबेसचं एक्सप्रेस एडिशन टाकलेलं असेल, कॉलेजच्या लॅबमधे बऱ्याच मशीनवर असतं, तर ८०८० वर ते आधीच बसलेलं असू शकतं, मग टॉमकॅटच्या मांजरीच्या चित्रवाल्या पानाऐवजी ओरॅकलचं पान उघडतं आणि वाटतं इन्स्टॉलच चुकलं.

टॉमकॅटमधे अजून दोन गोष्टी नडतात. एक, जावा होम या सेटिंगमधे जेडीकेच्या (जावाचं डेव्हलपमेंट किट) फोल्डरपर्यंतच पाथ द्यायचा, पुढे बिन लावायचं नाही. दुसरी जास्त त्रास देते. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या (टॉमकॅटवर चालणारा जावाचा कोड) पॅकेजचं नाव जावाएक्स वरून जकार्ता झालंय, आणि आपल्या नोट्स, जुनी पुस्तकं, व्हिडिओ सगळे जावाएक्सवाले. कोड बरोबर, मॅपिंग बरोबर, तरी सर्व्हलेट चालत नाही, कारण टॉमकॅट नवीन आणि कोड जुना. नोट्सप्रमाणे करायचं असेल तर सरळ टॉमकॅट ९ घ्या, नाहीतर सगळे इम्पोर्ट बदला, अर्धवट बदलू नका.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, लाईट. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, सगळ्यांचे कूलर चालू, आणि रावेर-यावलकडे वादळ येऊन केळी आडवी झाली की त्या रात्री लाईटचा काही भरवसाच नाही. डेस्कटॉपला यूपीएस नाही, मायएसक्यूएल चालू, आणि फटकन लाईट गेली. नंतर स्टार्ट केलं की मायएसक्यूएल शटडाऊन अनएक्सपेक्टेडली. इथे घाबरून लोक इंटरनेटवर कुठेतरी वाचतात आणि झॅम्पमधल्या मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ फाईल डिलीट करतात. कृपा करून हे करू नका! त्या फाईलमधे सगळ्या टेबलांची नोंद असते, ती गेली की फोल्डर दिसतात, टेबलांची नावं पण दिसतात, पण उघडायला गेलं की टेबल इंजिनमधे नाही अशी १९३२ नंबरची एरर येते आणि अख्ख्या सेमिस्टरची मेहनत अडकते.

त्याऐवजी मायएसक्यूएल बंद ठेवून आधी अख्खा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, मगच हात लावा. मग डेटाचं नाव बदलून डेटा जुना करा. शेजारीच बॅकअप नावाचा फोल्डर असतो त्याची कॉपी करून तिला डेटा नाव द्या, बॅकअप तसाच राहू द्या. जुन्यातून फक्त तुमच्या डेटाबेसचे फोल्डर आणि आयबीडेटा१ ही फाईल नव्यात आणा, मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्किमा आणि पीएचपीमायअॅडमिन हे फोल्डर आणायचे नाहीत. बऱ्याचदा टेबलं परत येतात. रूटला पासवर्ड लावला असेल तर तो मात्र यात जातो, परत लावावा लागतो. चालू झालं की दुसरं काही करायच्या आधी पीएचपीमायअॅडमिनमधे (डेटाबेस ब्राउझरमधे दाखवणारं पान) एक्सपोर्ट मारून एसक्यूएल फाईल काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा, आणि पुढे रोज काम संपलं की हेच करा. अजून एक, पॅनलवर मायएसक्यूएल लिहिलं असलं तरी २०१५ पासून झॅम्पमधे मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) येतं, म्हणून उपाय शोधताना मारियाडीबी असं टाका, मायएसक्यूएल ८ चे उपाय इथे लागू होतीलच असं नाही.

बाकी बारीकसारीक. झॅम्प प्रोग्राम फाइल्समधे टाकू नका, परमिशनचे घोळ होतात, सी ड्राइव्हवर थेट टाका. पीएचपी फाईलवर डबल क्लिक केलं तर पीएचपी चालणारच नाही, ती झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमधे ठेवून लोकलहोस्टनेच उघडायची. सरांना मोबाईलवर दाखवायचं असेल तर लोकलहोस्टची लिंक पाठवून उपयोग नाही, ती मोबाईलवर मोबाईललाच शोधते, दोघं एकाच वायफायवर या, कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग मारून आयपीव्ही४ चा नंबर घ्या, तो मोबाईलमधे टाका, तरी नाही उघडलं तर फायरवॉलमधे अपाचेला परवानगी आहे का ते बघा. आणि पुढे होस्टिंगवर टाकायचं असेल तर फाईलींची नावं पहिल्यापासून स्मॉल लेटरमधेच ठेवा, विंडोजला कॅपिटल-स्मॉल चालतं, लिनक्स सर्व्हरला चालत नाही, आणि घरी नीट दिसणारे फोटो तिथे गायब होतात.