स्लो झालेला घरचा कॉम्प्युटर पुन्हा नव्यासारखा कसा करायचा

बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-सात मिनिटं, ब्राउझर उघडायला अजून दोन, आणि टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला सुद्धा वाट बघायची, अशी वेळ आली की लोक सरळ नवीन मशीन बघायला लागतात. तेवढी घाई नका करू. बऱ्याचदा विंडोज रिसेट केलं, म्हणजे ते पुसून नव्याने टाकलं, की तोच कॉम्प्युटर परत नीट चालतो, आणि हे घरच्या घरी जमतं. रिसेटचं बटण दाबणं सोपंच आहे, खरं काम त्याच्या आधीचं आहे आणि लोक नेमकं तेच घाईत उरकतात, म्हणून मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

सगळ्यात आधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. सगळं बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि डिस्कचा कॉलम बघा. काही काम चालू नसताना सुद्धा डिस्क सतत ९०-१०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर रिसेटने थोडाफार फरक पडेल पण खरा उपाय म्हणजे एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी एसएसडी (साटा प्रकारची, हार्ड डिस्कसारख्याच केबलने जोडतात ती) ५०० च्या आसपास, आणि बारीक बारीक फाइल्स वाचताना हा फरक कितीतरी पट वाढतो. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी डेटा बाहेर काढा, ती डिस्क कधीही बंद पडू शकते.

रॅम ४ जीबीच असेल तर ती वाढवता येते का ते पण बघून घ्या. आणि त्याच टास्क मॅनेजरमधे स्टार्टअप नावाचा टॅब असतो, तिथे चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करून दोन दिवस वापरून बघा. कधीकधी एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर बॅकअप. इथे मी एकदा चांगलाच फसलोय. डेस्कटॉपवरचं सगळं सिलेक्ट करून पेनड्राइव्हवर टाकलं, कॉपी एका क्षणात झाली, मला वाटलं झालं काम, आणि रिसेट झाल्यावर उघडून बघतो तर त्यातले निम्मे नुसते शॉर्टकट! आयकॉनच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण असतो ना, ते फक्त फाइलकडे बोट दाखवतात, त्यांची साइझ एक-दोन केबी असते, खरी फाइल दुसरीकडेच. दोन वर्षांचे फोटो गेले ते गेलेच. त्यामुळे कॉपी झाल्यावर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे दोन्हीकडची साइझ आणि फाइल्सची संख्या जुळते का बघा, आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फोटो, एखादा व्हिडिओ, एखादी पीडीएफ उघडून बघा. उघडली तरच बॅकअप झाला म्हणायचं.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळे घेतात. विसरतात ते हे: ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा (तो बऱ्याचदा सी ड्राइव्हवर स्वतःच्याच फोल्डरमधे असतो), कॉम्प्युटरवर उतरवलेले मेल, वेगळे टाकलेले फॉन्ट, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवायला लागणारे छोटे प्रोग्राम), आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या की, म्हणजे ते चालू करायचे कोड. हे कोड एका कागदावर लिहा. ज्या मेलवर सगळे ओटीपी येतात त्याचा पासवर्ड सुद्धा कागदावरच, कारण तो ब्राउझरमधे सेव्ह आहे म्हणून आपल्याला पाठ नसतो.

अजून एक, बिटलॉकर, म्हणजे डिस्क लॉक करणारी विंडोजची सोय. बऱ्याच नवीन लॅपटॉपमधे डिस्क आपोआप लॉक केलेली असते आणि रिसेटच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे असते, आधीच उतरवून ठेवा.

आता रिसेट. चार्जर लावलेलाच ठेवा आणि बाहेरच्या डिस्क, पेनड्राइव्ह सगळे काढून ठेवा. विंडोज ११ मधे सेटिंग्ज, मग सिस्टम, मग रिकव्हरी, तिथे ‘रिसेट धिस पीसी’. विंडोज १० मधे हेच अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत आहे. लॉगिन करून आत जाता येत नसेल तर लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, तिथूनही ट्रबलशूटमधे जाऊन रिसेट मिळतं.

पुढे दोन पर्याय येतात. ‘कीप माय फाइल्स’मधे तुमच्या फाइल्स राहतात पण टाकलेले प्रोग्राम सगळे जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’मधे फाइल्स पण जातात. बॅकअप पक्का असेल तर मी दुसराच निवडेन, वर्षानुवर्षांचा कचरा त्यानेच निघतो. फक्त त्यात सगळ्या ड्राइव्हवरचं पुसायचं की विंडोजवाल्या ड्राइव्हवरचंच, हे नीट वाचा, नाहीतर डी ड्राइव्ह पण रिकामा होईल. नंतर क्लाउड डाउनलोड (विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरवायचं) की लोकल (कॉम्प्युटरवर आहे तेच वापरायचं) असं विचारतं. क्लाउडला ४ जीबी किंवा जास्त डेटा लागतो, पण आधीचं विंडोज बिघडलेलं असेल तर तेच घ्या.

मग थांबायचं. जुन्या हार्ड डिस्कवर काही तास जातात, मधेच एखाद्या टक्क्यावर आकडा बराच वेळ हलत नाही, मशीन दोन-तीनदा स्वतःच रीस्टार्ट होतं. पॉवरचं बटण दाबायचं नाही!

सुरू झालं की पहिलं काम विंडोज अपडेट, एकामागून एक, ‘यू आर अप टू डेट’ येईपर्यंत, ड्रायव्हर पण बहुतेक त्यातच येतात. त्याच मशीनवर विंडोज ॲक्टिव्हेट असेल तर इंटरनेट मिळाल्यावर ते सहसा आपोआप परत ॲक्टिव्हेट होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर आत्ताच ११ वर जा, रिकाम्या मशीनवर ते सोपं पडतं.

प्रोग्राम मात्र सगळे एकदम टाकू नका. ब्राउझर, ऑफिस, प्रिंटर एवढं टाका आणि बाकीचं ज्या दिवशी लागेल त्या दिवशी. आणि बॅकअपचा ड्राइव्ह निदान महिनाभर तसाच राहू द्या, एखादी विसरलेली फाइल तिसऱ्या आठवड्यात आठवते.