ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सुट्टी: आधी भरती-ओहोटी बघा, मग तिकिटं काढा

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं की आपल्याकडे पहिला विषय व्हिसाचा निघतो आणि दुसरा विमानभाड्याचा. दोन्ही कामं करायचीच आहेत. पण यादीत त्यांच्याही वर एक कागद ठेवा: ज्या आठवड्यात जायचा विचार आहे, त्या आठवड्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. मुंबईला मोठ्यातलं मोठं उधाण आलं तरी पाणी पाचेक मीटर चढतं. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सॅं-मालोला मोठ्या उधाणाला ओहोटी आणि भरती यांत बारा मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. सकाळी तटबंदीला धडका देणारा समुद्र दुपारी जेवून येईपर्यंत पार लांब गेलेला असतो आणि मघाशी ज्यावर होड्या डुलत होत्या, तिथे माणसं कुत्री फिरवत असतात. कुठलं बेट चालत गाठता येईल, पोहायला कधी उतरायचं, लाँच कुठल्या धक्क्यावरून सुटेल, हे सगळं त्या कागदावर ठरतं. हॉटेलवाल्याला विचारून ठरवू म्हणाल, तर तोही तोच कागद उघडून बघणार आहे.

हे वेळापत्रक वाचायला सोपं आहे. प्रत्येक भरतीसमोर २० ते १२० मधला एक आकडा छापलेला असतो, त्याला तिथे कोएफिस्यां म्हणतात. ७० म्हणजे मधली भरती. ४५ च्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ती भरती, ९५ च्या पुढे उधाण, आणि १०० ओलांडले की गावातली माणसं बादल्या-खुरपी घेऊन ओहोटीला शिंपले काढायला निघतात. उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी येतं, त्यामुळे भिंतीवरचं कालनिर्णय बघूनही आठवड्याचा अंदाज बांधता येईल. मात्र कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित इथे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते, म्हणून आपल्या मुक्कामाला सर्वांत जवळच्या बंदराचंच पान घ्या, आणि त्यावरच्या वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहेत ना, तेही तपासा. एक तासाची चूक इथे महाग पडते.

आता यातली खरी उपयोगाची गोष्ट. उत्तर किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, ओहोटी भर दुपारी. भांगाच्या दिवसांत नेमकं उलटं, दुपारी पाणी वर असतं. म्हणजे समुद्राच्या तळावर भटकायचं असेल, खडकांमधली डबकी मुलांना दाखवायची असतील, तर उधाणाचा आठवडा धरा. लहान मुलांना घेऊन निवांत डुंबायचं असेल, तर भांगाचा. दोन्ही हवं असेल तर मुक्काम आठ-नऊ दिवसांचा करा, आपोआप दोन्ही पदरात पडेल.

महिना कुठला, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या शाळांनीच देऊन ठेवलं आहे. मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य हा काळ आपल्या सुट्टीत बसतो आणि तिथल्या शाळा तेव्हा चालू असतात. दिवस मोठे असतात, जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो. पेरोस-गिरेकसमोरच्या सेत-ईल बेटांवर पफिन पक्षीही तेव्हा असतात, जुलै सरता सरता ते समुद्रात निघून जातात. या पक्ष्यांची बेसुमार शिकार थांबवण्याच्या खटपटीतूनच १९१२ मध्ये फ्रान्सची पक्षीसंरक्षण संघटना उभी राहिली. मे-जूनचा तोटा एकच, पाणी थंड. ऑगस्टमध्येही ते सतरा-अठरा अंशांच्या वर फारसं जात नाही, जूनमध्ये त्याहून कमी. गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाने पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंतच जावं. १४ जुलै ते १५ ऑगस्ट हा काळ मी तरी टाळेन. अर्धं फ्रान्स किनाऱ्यावर असतं, आणि १५ ऑगस्टला त्यांचीही सार्वजनिक सुट्टी असते. त्यात ऑगस्टमध्ये लोरियां शहरात केल्टिक संगीताचा मोठा महोत्सव भरतो, तेव्हा आसपास खोली मिळणं अवघड. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर गर्दी नसेल, पण निम्मी हॉटेलं आणि बऱ्याच लाँचही बंद असतील.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा लवकर भरतात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. एक सूचना मात्र लिहूनच ठेवा. सॅं-मालोहून जर्सी बेटावर बोट जाते आणि जाहिराती बघून मोह होतो. जर्सी शेंगेनमध्ये नाही. तिथे जायला वेगळी परवानगी लागेल, आणि हातात एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचं दारही बंद. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, भारतीय पासपोर्टच्या मराठी मंडळींनाही शेंगेन व्हिसा चुकत नाही. त्यांची सोय एवढीच की पोर्ट्समथहून सॅं-मालोला किंवा प्लिमथहून रॉस्कॉफला गाडीसकट बोटीने येता येतं.

मुक्कामाची गावं निवडताना हात आखडता घ्या. नकाशावर ब्रिटनी लहान दिसते, पण सॅं-मालोहून पश्चिम टोकाच्या पॉइंत दु राझला जायला गाडीने चार तासांच्या आसपास लागतात. एका सुट्टीला दोन मुक्काम पुरेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने उत्तर किनारा धरावा असं माझं मत: चार रात्री सॅं-मालो, चार-पाच पेरोस-गिरेक. दक्षिणेला वारा जरा मवाळ, वाळू लांबलचक आणि मोर्बियांचं आखात शांत. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर वान किंवा ओरे गाठा. तिकडे कार्नाकचे तीन हजारांहून अधिक उभे दगड आहेत. ते इसवी सनापूर्वी काही हजार वर्षं रांगांनी रोवलेले असून २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. उन्हाळ्यात त्या रांगांच्या आत वाटाड्याबरोबरच सोडतात, तेव्हा वेळ आधी राखून ठेवा. तिथून लोरियां जवळ आहे. हे शहर वसलंच मुळी आपल्या बाजूच्या व्यापारासाठी: फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६६६ मध्ये इथे जहाजं बांधायला सुरुवात केली. समोरच्या पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीचं संग्रहालय आहे, तिथे भारतातून गेलेली छापील सुती कापडं बघायला मिळतात. पाऊस लागला की हा बेत काढायचा. खडकावरच्या मठाचं प्रसिद्ध बेट मों सॅं-मिशेल मात्र ब्रिटनीत नाही, नॉर्मंडीत आहे. सॅं-मालोहून दिवसभरात जाऊन या, पण स्थानिक माणसासमोर ते ब्रिटनीचं की नॉर्मंडीचं हा विषय काढायचा तर वेळ हाताशी ठेवून काढा. त्याच्या भोवतालच्या वाळूत वाटाड्याशिवाय उतरू नका, तिथे दलदल आहे.

सॅं-मालोत वेळापत्रकाचा पहिला उपयोग ग्रां बे बेटावर जाताना होतो. लेखक शातोब्रियांची कबर या बेटावर आहे, १८४८ मध्ये त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे समुद्राकडे तोंड करून पुरलं. ओहोटीला दगडी वाटेने चालत पाच-दहा मिनिटांत पोहोचता. पाणी चढायला लागलं की तीच वाट बघता बघता बुडते. दोन्ही बाजूंनी पाणी आलेलं दिसलं तर पळत सुटायचं नाही, बेटावरच थांबायचं. वाट पुन्हा मोकळी व्हायला पाच-सहा तास लागू शकतात. म्हणून पाठपिशवीत पाणी, खाऊ आणि जाड कपडा असू द्या, आणि समुद्रातल्या मदतीचा १९६ हा क्रमांक फोनमध्ये साठवा. तिथेच खालच्या बॉं-सकूर किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याचा तलाव बांधलेला आहे, ओहोटीलाही पोहता यावं म्हणून. भरतीला तलावाच्या भिंती बुडतात आणि उड्या मारायचा काँक्रीटचा मनोरा तेवढा भर समुद्रात एकटा उभा दिसतो. पोरं पोहत जाऊन त्यावर चढतात.

पेरोस-गिरेकहून ब्रेआ बेटाचा बेत आखाल. लार्कुएस्तच्या धक्क्यावरून दहा मिनिटांची लाँच, बेटावर गाड्यांना बंदी, पायी किंवा सायकलने फिरायचं. पाणी जसं उतरेल तसा बेटावरचा उतरण्याचा धक्काही लांब सरकतो, त्यामुळे परतीची लाँच पकडताना ओहोटी असेल तर चालण्याची दहा-पंधरा मिनिटं वाढीव धरा. ऐन उन्हाळ्यात दिवसाला किती माणसं सोडायची यावर २०२३ पासून मर्यादा घातली आहे, तेव्हा तिकीट आधी काढा. पेरोस-गिरेकजवळच्या प्लूमानाकच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या खडकांमधून जाणारी पायवाट ही जुन्या जकात शिपायांची गस्तीची वाट. चोरटा माल पकडायला ते इथून फिरायचे. आज ती सगळ्या किनाऱ्यालगत दोन हजार किलोमीटरहून लांब गेली आहे. संध्याकाळी आठनंतर जा, ऊन तिरपं होतं आणि खडकांचा रंग पेटतो.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून ब्रिटनीतल्या रेन शहराला वेगवान गाडी दीड तासात पोहोचते. पॅरिसचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे, म्हणून उतरण्याची वेळ आणि रेल्वे यांत चार तास तरी सोडा, किंवा थेट विमानतळावरून रेनला जाणारी गाडी मिळते का बघा. भाड्याची मोटार रेनला घ्या. ब्रिटनीतल्या महामार्गांवर टोल नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढावा लागेल. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तसं स्पष्ट नोंदवा, नाहीतर हाताने गिअर बदलायची गाडी पुढ्यात येईल, आणि उजव्या बाजूने चालवण्याची सवय करताना वर तीही कटकट नको. अनामत रकमेसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं.

घर भाड्याने घेणार असाल तर सुट्टीच्या हंगामात ती शनिवार ते शनिवार मिळतात, त्याप्रमाणे विमानाचे दिवस जुळवा. चादरी, टॉवेल आणि शेवटची सफाई भाड्यात आहे की नाही हे विचारून घ्या, बऱ्याचदा नसते. घराची जागा ठरवताना आणखी एक चौकशी करा. सॅं-ब्रियोच्या (Saint-Brieuc) उपसागरात आणि इतर काही उथळ किनाऱ्यांवर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ ढिगाने येऊन पडतं. शेतांतलं आणि डुकरांच्या गोठ्यांमधलं नायट्रेट नद्यांतून समुद्रात उतरतं, त्यावर ते पोसतं. सडल्यावर त्यातून विषारी वायू सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा किनारा बंद केलेला दिसला तर पाटी मोडून आत जाऊ नका.

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांना जास्त असते, पण इथे ती थोडी कमी करा. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं, मोठ्या सपाट तव्यावर लाकडी टी-आकाराच्या काठीने पसरवलेलं पातळ धिरडं. पिठात मुख्यतः पाणी आणि मीठ. सगळीकडे मिळणाऱ्या ‘कोंप्लेत’मध्ये अंडं, चीज आणि हॅम असतं, ‘सां जांबों’ म्हटलं की हॅम वगळतात. मश्रूमचं किंवा बकरीच्या चीजचंही मिळतं. कडक शाकाहारी असाल तर तव्याला काय लावता तेही विचारा, कारण डुकराची चरबी लावायची जुनी रीत काही ठिकाणी अजून आहे. सोबत सफरचंदाची सायडर पितात. ती नको असेल तर ‘ले रिबो’ मागवा, म्हणजे चक्क ताक. मासे खाणाऱ्यांनी सॅं-मालोजवळच्या कांकालला जावं. बंदरावर कालवं तिथल्या तिथे फोडून, लिंबाच्या फोडीसकट ताटात देतात. खाऊन झालं की शिंपा खाली किनाऱ्यावरच फेकायच्या. दुपारी दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, आणि रविवारी दुपारनंतर दुकानंही. म्हणून शनिवारी घराची चावी घेतली की आधी बाजारहाट.

घरून पोहे, मसाले, चहा, भडंग खुशाल न्या. तूप, पेढे, पनीर, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ युरोपात नेता येत नाही. ताजा कढीपत्ता आणि हापूसची पेटीही नाही, मे महिना असला तरी. तुपाची उणीव तिथलं खारं लोणी भरून काढेल.

कपड्यांत छत्रीला जागा देऊ नका, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. टोपीचं, गुडघ्यापर्यंत येणारं रेनकोट-जाकीट, आत लोकरीचा पातळ स्वेटर, लवकर वाळणारी पँट. एका दिवसात ऊन, पाऊस, धुकं आणि पुन्हा ऊन असं चालूच असतं, त्यामुळे सकाळच्या ढगांवरून बेत मोडू नका. खडकांवर चालायला घट्ट पकडीचे बूट आणि पाण्यात घालायचे रबरी जोडे वेगळे घ्या; कालवांच्या कडा पाय कापतात. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि मान भाजून निघते, म्हणून सनस्क्रीन. शिंपले काढायचे असतील तर आकार आणि वजनाच्या मर्यादा स्थानिक पर्यटन कार्यालयातून समजून घ्या. मोजायची पट्टी तिथेच मिळते का विचारा. उलटवलेला दगड परत होता तसा ठेवायचा, हा नियम तिथली लहान पोरंही पाळतात.

निघायच्या शनिवारी घर बहुधा सकाळी दहापर्यंत सोडावं लागतं. आदल्या रात्री काच आणि प्लास्टिक वेगवेगळं करून ठेवा, फ्रीज रिकामा करा, मालकासमोर घर दाखवून अनामत परत घ्या, आणि परतीची गाडी दुपारनंतरचीच काढा, कारण शनिवारी सगळी ब्रिटनी रस्त्यावर असते.