जुन्या गाडीचा विटलेला रंग: पॉलिश कुठे चालतं, कुठे नाही

पॉलिश रंग भरत नाही, काढतं. वरचा खराब झालेला थर घासून गेला की खालचा धड थर उघडा पडतो आणि गाडी चमकते, एवढंच. म्हणून मशीन हातात घेण्याआधी रंग कोणत्या प्रकारचा आहे आणि अजून किती शिल्लक आहे, ते पाहून घ्या.

प्रकार ओळखायला एक पांढरं फडकं पुरतं. सहज नजरेत न येणारी जागा धुऊन पुसा, फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि दहा-बारा वेळा घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला तर तो सिंगल स्टेज रंग, म्हणजे रंग आणि चकाकी एकाच थरात. फडक्यावर रंग आला नाही तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर आहे. गाडी पांढरी असेल तर काळं फडकं वापरा. जुन्या मेटॅलिक सिंगल स्टेज रंगात फडकं करडं-काळपट होतं, कारण रंगातली ॲल्युमिनियमची बारीक चूर घासली जाते. असा रंग जास्त घासला की ठिकठिकाणी वेगळा दिसायला लागतो, म्हणून तिथे हात आवरता घ्या.

ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रंगद्रव्य धरून ठेवणारं रेझिन तोडतात. सिंगल स्टेजमध्ये मोकळं झालेलं रंगद्रव्य खडूच्या भुकटीसारखं वर बसतं आणि बोट फिरवलं की बोटाला लागतं. दिसायला भयानक, पण हाच रंग बहुतेक वेळा सुरेख परत येतो. क्लिअर कोट नुसता मंद, धुरकट झाला असेल तर तोही सुधारतो. मात्र टपावर किंवा बॉनेटवर कडा सुटलेले पांढरे चट्टे असतील, नखाने पापुद्रा निघत असेल, तर तो क्लिअर कोट संपला. त्यावर कुठलंही कंपाउंड (पॉलिशपेक्षा जहाल घासणारा लेप) चालत नाही. घासाल तर चट्टा पसरेल. तो भाग नव्याने रंगवणं हाच उपाय.

शिल्लक किती ते जाडी मोजायच्या गेजने कळतं. फॅक्टरीतला रंग प्रायमर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो, त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. आकडा 200 च्या वर गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. 500 च्या पुढे गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असण्याची दाट शक्यता. 80 च्या आसपास आला तर हलक्या पॉलिशवर भागवा. साधी गेज फक्त धातूवर चालतात, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही.

गाडी सावलीत, थंड पत्र्यावर धुवा. एका बादलीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवा. नुसत्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट लागते. ती क्ले बारने, म्हणजे मळता येणाऱ्या मातीसारख्या वडीने काढायची: भरपूर पाण्या-शाम्पूचं वंगण, हलका हात, सरळ रेषा. क्ले जमिनीवर पडली तर फेकून द्या, चिकटलेला एक खडा अख्ख्या बॉनेटवर ओरखडे ओढतो. त्यानंतर रबर, काळं प्लॅस्टिक, बोधचिन्हं आणि पत्र्याच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि आरपार जातो तो तिथेच.

जुन्या लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं. ते कोरडं घासू नका. मास्क आणि हातमोजे घाला.

सिंगल स्टेज फारच कोरडा पडला असेल तर तेलकट ग्लेझ जाडसर लावून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुसा. नुसत्या त्यानेच रंग बराच गडद होतो, शिवाय पुढे पॅड कमी अडखळतं.

आता चाचणीचा तुकडा. 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन टेपने आखा आणि मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश यांनी सुरुवात करा. नाही जमलं तर आधी पॅड बदला, मग कंपाउंड. थेट सगळ्यात जहाल कंपाउंडला हात घालणं हा घाईचा मार्ग आहे आणि गेलेले मायक्रॉन कुणी परत देत नाही.

नवख्या हातांना ड्युअल ॲक्शन मशीनच बरं, ज्यात पॅड फिरतं आणि हेलकावेही घेतं. पॅड नुसतं गोल फिरवणारं रोटरी मशीन झटपट काम करतं, पण एका जागी रेंगाळलं तर रंग जाळतं आणि उन्हात दिसणाऱ्या होलोग्रामसारख्या रेघा मागे सोडतं. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या, मशीन पत्र्याला टेकवून मगच चालू करा. सगळ्यात कमी वेगावर थेंब पसरवा, मग वेग 4 किंवा 5 वर न्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, एकदा आडवं एकदा उभं, असे चार ते सहा फेरे. मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसत असेल तर दाब ठीक. जागच्या जागी नुसती थरथरत असेल तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड वाकडं धरलंय. पॉलिश आधी पांढरट असतं, मग तेलासारखं पारदर्शक होतं. तिथे थांबा. पुढे कोरडं घासत राहिलात तर धूळ उडते आणि रंगावर धुरकट जाळी येते.

प्रत्येक चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा. सिंगल स्टेजमध्ये पॅड बघता बघता रंगाने माखतं आणि माखलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं. चार-पाच पॅड हाताशी हवीत. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. मधूनमधून पत्र्याला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका नको. प्लॅस्टिकच्या बंपरमध्ये उष्णता पसरत नाही, साचते, म्हणून तिथे वेग कमी ठेवा आणि फेरे निम्मे करा.

काम कसं झालंय ते तेल पुसल्याशिवाय कळत नाही. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि पुढच्या धुण्यात ते ओरखडे पुन्हा दिसायला लागतात. दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मायक्रोफायबरने पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. जाळी दिसली तर बारीक पॉलिशचा आणखी एक हात. खोल ओरखडा, ज्यात नख अडकतं, तो सोडून द्या. त्याच्यामागे 2000 चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) घेऊन लागण्याचा मोह फार होतो. पण जुन्या रंगात तेवढी जाडी क्वचितच उरलेली असते.

दुचाकीची टाकी हातानेच करा. गोलाई इतकी असते की मशीनचं पॅड एकाच रेघेवर टेकतं. स्टिकरवर लॅकरचा पारदर्शक थर नसेल तर त्याच्या कडेपासून पाच मिलिमीटर लांब राहा.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट, आणि तो त्याच दिवशी. उघडा पडलेला सिंगल स्टेज तसाच उन्हात उभा केला तर पुन्हा भुकटी धरायला लागतो. थर अगदी पातळ लावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना दमछाक तेवढी होते. कारनौबा वॅक्स दोन-तीन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट त्याहून जास्त. धुताना पाण्याचे थेंब न होता पाणी सपाट पसरायला लागलं की पुढचा हात द्या, त्यासाठी पुन्हा कंपाउंड काढायची गरज नाही.