जीभ लागावी, पण ऐकू येऊ नये

वरातीत क्लॅरिनेट वाजवताना माझी जीभ रीडवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावरच्या पातळ पट्टीवर, आपटते, हे मला सहा वर्षं कळलंच नाही. ताशा अन् ड्रमच्या दणक्यात ते ऐकू येणार कसं? कळलं ते गावच्या सामुदायिक प्रार्थनेत. एक हार्मोनियम, एक खंजिरी आणि तुकडोजी महाराजांचं संथ भजन. माझ्या प्रत्येक स्वराआधी 'थप्' येत होतं. परतताना काका म्हणाले, "जीभ काहून आपटतं बे? अन् हवा काहून बंद करतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओलिताच्या पाइपाशी नेलं. मोटार चालू, पाणी कपाशीच्या सरीत पडत होतं. पाइपाच्या तोंडाला बोट लावलं, काढलं. धार तुटली, पण मागचा दाब तसाच होता. फुंकेचंही तसंच. पोटातून हवा सतत येत राहते, जीभ रीडच्या टोकाला टेकून तिला क्षणभर अडवते, बाजूला झाली की स्वर सुटतो. नवखा प्रत्येक स्वराला नवी फुंक मारतो आणि जिभेने धक्का देतो.

पुस्तकात 'टू' म्हणा असं लिहिलेलं असतं. आपल्या 'ट'ला जीभ मागे वळते, तिथेच घोटाळा होतो. मी शिकवताना 'दी' म्हणायला सांगतो. जिभेचा शेंडा पुढेच राहतो आणि स्पर्श हलका होतो.

सरावाला सगळी बोटं मोकळी सोडून वाजणारा 'जी' (G) स्वर घ्या, म्हणजे लक्ष फक्त जिभेवर राहतं. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर. आधी चार मात्रांचा सलग स्वर, मग त्याच फुंकेत मात्रेला एक स्पर्श, मग दोन. आरशात हनुवटी हलताना दिसली तर जीभ फार लांबून येते आहे. पुढे बोटांनी स्वर बदलायची वेळ आली की जिभेने स्वर थांबवा, शांततेत बोट बदला, मगच जीभ सोडा. हे कंटाळवाणं आहे, पण जीभ आणि बोटं जुळवायला मला यानेच सर्वांत जास्त फायदा झाला.

जाड रीडवर नवखा जोर करतो, म्हणून दोन किंवा अडीच नंबरने सुरुवात करा. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या उन्हाने रीडचं टोक लाटेसारखं वाकतं; वाजवण्याआधी ती दोनेक मिनिटं पाण्यात ठेवा.

आणि हळू आवाजात वाजवताना फुंक ढिली सोडू नका, स्वर तुटतो. मी रात्री अंगणात वाजवतो आणि मोबाइल आजीच्या खाटेजवळ रेकॉर्डिंगला ठेवतो. वाजवताना स्वतःची 'थप्' नीट कळत नाही, तिथून कळते.