रेव्हिटमध्ये दारे-खिडक्यांचे शेड्यूल गुणधर्मांनुसार फिल्टर करणे

बेळगाव परिसरात घराचे काम निघाले की दारे-खिडक्या बहुधा एकाच माणसाकडे जात नाहीत. सागवानी चौकटी व दारे सुताराकडे जातात, न्हाणीघराची पीव्हीसी दारे दुकानातून येतात आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांसाठी फॅब्रिकेटर वेगळाच असतो. प्रत्येकाला आपल्यापुरती यादी हवी असते. मात्र रेव्हिट या इमारतीचे आराखडे करण्याच्या सॉफ्टवेअरमधील शेड्यूलचा, म्हणजे दारे-खिडक्यांच्या तक्त्याचा, कागद एक्सेलमध्ये नेऊन हाताने ओळी काढण्याची पद्धत घातक आहे, कारण नकाशात खिडकी बदलली तरी एक्सेलची यादी जुनीच राहते. रेव्हिटमधील फिल्टर, म्हणजे अटीनुसार ओळी गाळण्याची सोय, मॉडेलशी (इमारतीच्या संगणकातील प्रतिकृतीशी) जोडलेला असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

प्रथम मूळ शेड्यूलची प्रत करावी व तिला पुरवठादारानुसार नाव द्यावे; मूळ शेड्यूलला फिल्टर लावू नये, म्हणजे एकूण संख्या पडताळायला ते हाताशी राहते. प्रत उघडून प्रॉपर्टीज पॅलेटमधील फिल्टरसमोरचे एडिट बटण दाबले की फिल्टर टॅब उघडतो. येथे नवशिक्यांची हमखास अडचण होते. ज्या गुणधर्मावर गाळायचे तो आधी फील्ड्स टॅबमध्ये शेड्यूलमध्ये घेतलेला असावा लागतो, नाहीतर तो फिल्टरच्या यादीत दिसतच नाही. छापील तक्त्यात तो रकाना नको असेल तर फॉरमॅटिंग टॅबमध्ये ‘हिडन फील्ड’वर खूण करावी; रकाना लपतो, फिल्टर चालूच राहतो. फॅमिली (दार-खिडकीचा घटक) आणि टाइप (त्याचा मापानुसार प्रकार) या फील्डवर मात्र फिल्टर लागत नाही, म्हणून टाइप मार्क, म्हणजे प्रत्येक प्रकाराला दिलेली खूण, काळजीपूर्वक भरून त्याचा आधार घेणे सोयीचे पडते.

खरे काम मात्र गुणधर्म भरण्यातच आहे. समजा, दारांना ‘साहित्य’ नावाचा मजकुराचा प्रोजेक्ट पॅरामीटर, म्हणजे आपण स्वतः तयार केलेला गुणधर्म, जोडला आणि कोणी ‘सागवान’, कोणी ‘साग’, तर कोणी ‘सागवानी’ असे लिहिले. ‘इक्वल्स’ या अटीला यांपैकी एकच शब्द पटेल आणि उरलेली दारे कोणतीही सूचना न देता सुताराच्या यादीतून गळतील. ‘बिगिन्स विथ’ लावून ‘साग’ दिल्यास तिन्ही सापडतात, पण तो तात्पुरता उपाय झाला. साहित्याचे मोजकेच प्रकार असतील तर की शेड्यूल (ठरलेल्या पर्यायांचा तक्ता) करून त्यातूनच निवड करायला लावणे मला अधिक खात्रीचे वाटते. राहून गेलेल्या नोंदी शोधण्यासाठी आणखी एक प्रत करून तिच्यात ‘हॅज नो व्हॅल्यू’ ही अट ठेवावी आणि याद्या बाहेर पाठवण्यापूर्वी ती रिकामी झाली आहे का, हे पाहावे.

नैऋत्य मोसमी पावसाचा मारा सोसणाऱ्या खिडक्या वेगळ्या काढायच्या असतील, विशेषतः खानापूरकडच्या घरांत, तर ‘पावसाची बाजू’ असा होय-नाही स्वरूपाचा पॅरामीटर करावा. यात एक खोच आहे: नव्याने जोडलेल्या या पॅरामीटरमध्ये ज्या खिडक्यांना अजून काहीच उत्तर दिलेले नाही, त्या ‘नाही’ या फिल्टरमध्ये येतीलच असे धरू नये. प्रत्येक खिडकीला स्पष्ट उत्तर द्यावे.

फिल्टर टॅबमध्ये आठपर्यंत अटी देता येतात, परंतु त्या सर्व एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. ‘ही किंवा ती’ अशी सोय तेथे नाही. तळमजला आणि सागवान असे मागितले तर हवी तीच दारे मिळतील, पण तळमजला आणि पहिला मजला अशा दोन अटी एकाखाली एक दिल्यास तक्ता कोरा येईल, कारण एकच दार दोन मजल्यांवर असू शकत नाही. मोजमापांच्या बाबतीत यावर तोड आहे. १५०० मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा १३५० मिलिमीटरपेक्षा उंच खिडक्या फॅब्रिकेटरला द्यायच्या असतील, तर होय-नाही प्रकारचे कॅल्क्युलेटेड फील्ड तयार करून त्याच्या सूत्रात दोन्ही तुलना ‘ऑर’ने जोडाव्यात आणि त्या एका फील्डवर फिल्टर लावावा.

फिल्टरमुळे ओळ फक्त दिसेनाशी होते. शेड्यूलमधील ओळ डिलीट केली तर मॉडेलमधील दारच जाते, हे हाताखालच्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

शहापूरसारख्या जुन्या वस्तीतील घराची दुरुस्ती असेल, तर जुनी दारे वगळण्यासाठी गुणधर्मांची अट घालत बसू नये. जुनी दारे आधीच्या फेजमध्ये (बांधकामाच्या टप्प्यात) आणि नवी दारे नव्या फेजमध्ये मांडलेली असतील तर शेड्यूलच्या प्रॉपर्टीजमध्ये नवी फेज निवडून फेज फिल्टर ‘शो न्यू’ ठेवला की सुताराला फक्त नव्याने करायच्या दारांची यादी मिळते, आणि जागेवर राहणाऱ्या जुन्या दारांची मोजदाद मूळ शेड्यूलमध्ये स्वतंत्रपणे करता येते.